कुठल्या ओळीत चुकलं? गृहपाठाच्या गणितांवर वाचकांचे प्रश्न

पहिली घटक चाचणी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. पत्रात बहुतेकदा उदाहरण असतं, पुस्तकामागचं उत्तर असतं आणि ‘आमचं जुळत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. मुलानं प्रत्यक्षात काय मांडलं, ते मात्र नसतं. नुसत्या चुकीच्या उत्तरावरून फारसं काही कळत नाही. वहीचं पान दिसलं की चूक नेमक्या कुठल्या ओळीत झाली तेही दिसतं. म्हणून ज्या पत्रांसोबत वहीचं पान होतं, तीच या अंकासाठी घेतली आहेत. पुढेही पत्र पाठवाल तेव्हा पान खोडरबर न लावता, आहे तसं जोडा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. उदाहरण असं : एका व्यापाऱ्यानं पाच डझन आंब्यांची पेटी २,००० रुपयांना घेतली. वाहतुकीला १०० रुपये लागले. पेटीतले ६ आंबे खराब निघाले. उरलेले त्यानं ५६० रुपये डझन या भावानं विकले. शेकडा नफा किती? पुस्तकात उत्तर २० आहे. तिची उत्तरं आली २६, मग ३३.३३, मग १६.६७. आमच्या घरात हंगामभर पेट्यांचाच हिशोब चालतो, तरी तिला समजावून सांगता येत नाही.
— पालक, देवगड

उत्तर : तिन्ही पानं पाहिली. प्रत्येक वेळी एकच चूक झाली आहे आणि दर वेळी ती निराळी आहे. म्हणजे उदाहरणाचा प्रत्येक भाग तिला कधी ना कधी बरोबर जमला आहे. आधी मांडणी पाहू.

एकूण खर्च = २,००० + १०० = २,१०० रुपये
विकलेले आंबे = ६० − ६ = ५४, म्हणजे ५४ ÷ १२ = ४.५ डझन
एकूण विक्री = ४.५ × ५६० = २,५२० रुपये
नफा = २,५२० − २,१०० = ४२० रुपये
शेकडा नफा = (४२० ÷ २,१००) × १०० = २०

२६ आलं ते वाहतूक विसरल्यामुळे : नफा ५२० धरला आणि २,००० नं भागलं. ३३.३३ आलं कारण खराब आंबे वजा झाले नाहीत; विक्री ५ × ५६० = २,८०० धरली, नफा ७०० झाला. या दोन चुका वाचनाच्या आहेत. उदाहरण वाचताना प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि तो आकडा मांडणीत वापरला की त्या रेघेवर बरोबरची खूण करायची. शेवटी एकही रेघ खुणेशिवाय राहता कामा नये. एवढ्यानं त्या थांबतात.

१६.६७ ची गोष्ट वेगळी. तिथं नफा बरोबर ४२० आहे, पण शेवटच्या ओळीत भागाकार २,५२० नं झाला. ही चूक फार चिवट असते, दहावीपर्यंत पाठ सोडत नाही. विक्रीची रक्कम नुकतीच लिहिलेली असते, नजर तिच्यावरच पडते आणि मूल तीच उचलतं. शेवटची ओळ लिहिण्याआधी तिला तोंडानं विचारायला लावा : ‘शंभर रुपये घातले तर किती सुटले?’ घातले कुठं? खरेदीत. मग भागायचं खरेदीनंच.

हाच गोंधळ उलट्या उदाहरणात पुन्हा उभा राहतो, म्हणून तेही आत्ताच करून घ्या. पेटी २,५२० ला विकून शेकडा २० नफा झाला, तर एकूण खर्च किती? मुलं २,५२० चे २० टक्के म्हणजे ५०४ काढतात आणि २,०१६ उत्तर लिहितात. ताळा करा : २,०१६ चे २० टक्के ४०३.२०, मिळवले तर २,४१९.२०. जुळलं नाही. खर्च १०० असता विक्री १२० झाली असती, म्हणून खर्च = २,५२० × १०० ÷ १२० = २,१००.

प्रश्न : मी नववीत आहे. सरांनी घातलेलं उदाहरण : ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगानं ६.५ किलोमीटर लांबीचा बोगदा किती वेळात पार करेल? मला ३२५ सेकंद आले. उत्तर ३५० आहे. गाडीची लांबी कशाला दिली आहे?
— विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : तुझा वेगाचा भाग बरोबर आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ७२ × १,००० मीटर, तेही ३,६०० सेकंदांत. भागाकार केला की सेकंदाला २० मीटर. पाचाला अठरानं भागून गुणायची जी युक्ती वर्गात सांगतात, ती म्हणजे १,००० ÷ ३,६०० चंच संक्षिप्त रूप. युक्ती विसरलास तर ही पूर्ण ओळ लिही. अठरा वर की पाच वर, हा घोळ होणार नाही.

तू ६,५०० ला २० नं भागलंस. तेवढ्या वेळात फक्त इंजिनाचं तोंड दुसऱ्या टोकाला पोचलं. मागचे डबे अजून बोगद्यातच आहेत. इंजिन आत शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत इंजिनानं बोगद्याची लांबी आणि वर गाडीची लांबी कापलेली असते :

एकूण अंतर = ६,५०० + ५०० = ७,००० मीटर
वेळ = ७,००० ÷ २० = ३५० सेकंद = ५ मिनिटे ५० सेकंद

वहीत बोगद्याची आडवी पट्टी काढ. कागदाचा छोटा तुकडा गाडी म्हणून तिच्या अलीकडे लावून पलीकडे नीट बाहेर पडेपर्यंत सरकव, आणि तुकड्याचं पुढचं टोक किती सरकलं ते मोज. सूत्र पाठ करावं लागणार नाही. मग स्वतःलाच विचार : संपूर्ण गाडी बोगद्याच्या आत आहे असा काळ किती? इथं लांबी वजा होईल : (६,५०० − ५००) ÷ २० = ३०० सेकंद. ‘पार करणे’ आणि ‘पूर्ण आत असणे’ यांत हा फरक आहे. परीक्षेत नेमका हाच शब्द बदललेला असतो.

सरांनी आकडे कुठून घेतले असतील ते तुझ्या लक्षात आलं असेल. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुड्याचा बोगदा साधारण तेवढाच, साडेसहा किलोमीटर आहे. कोकण रेल्वेवरचं आणखी एक उदाहरण करून पाहा. क्रॉसिंगला ४०० मीटर लांबीची गाडी उभी आहे आणि शेजारच्या रुळावरून तुझी ५०० मीटरची गाडी त्याच वेगानं जाते. उभ्या गाडीला पूर्ण ओलांडायला (५०० + ४००) ÷ २० = ४५ सेकंद. पण उभ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या एका प्रवाशासमोरून ती ५०० ÷ २० = २५ सेकंदांतच निघून जाईल, कारण त्या प्रवाशाला लांबी नाही. खांब, सिग्नल, माणूस यांची लांबी शून्य. फलाट, पूल, बोगदा, दुसरी गाडी यांची लांबी मिळवायची.

प्रश्न : मुलगा सहावीत. २/३ + ३/४ चं उत्तर ५/७ लिहितो. चूक दाखवली की तेवढ्यापुरतं सुधारतो, आठवड्यानं पुन्हा तेच. वजाबाकीत तर पूर्णांकयुक्त अपूर्णांक आला की हमखास चुकतो. ५ १/४ − २ २/३ याचं उत्तर त्यानं २ ५/१२ काढलंय.
— आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, आधी बेरीज. अपूर्णांकांचा गुणाकार शिकवून झाला की ही चूक वाढते. गुणाकारात अंश अंशाला आणि छेद छेदाला गुणतात, ती सवय बेरजेत शिरते. नियम पुन्हा सांगून ती जात नाही. उत्तर अशक्य आहे हे मुलाला स्वतः दिसावं लागतं. त्याला विचारा : २/३ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जास्त. ३/४? तेही जास्त. अर्ध्याहून मोठे दोन तुकडे एकत्र केले तर एकापेक्षा जास्तच व्हायला हवेत. ५/७ तर एकापेक्षा कमी आहे. हा प्रश्न त्यानं प्रत्येक बेरजेआधी, पेन्सिल उचलण्यापूर्वी, स्वतःला विचारायचा.

मग चौकटीच्या वहीत एका ओळीत १२ चौकटींची पट्टी आखू द्या. बाराच का? ३ आणि ४ या दोघांनीही भाग जाणारी ती सर्वांत लहान संख्या, त्यांचा लसावि. पट्टीचे तीन सारखे भाग केले तर एका भागात ४ चौकटी, म्हणून २/३ म्हणजे ८ चौकटी. चार भाग केले तर एका भागात ३, म्हणून ३/४ म्हणजे ९ चौकटी. ८ आणि ९ मिळून १७. एक पट्टी १२ ची भरली, ५ चौकटी दुसऱ्या पट्टीत गेल्या. उत्तर १७/१२, म्हणजेच १ ५/१२. छेद १२ चाच राहिला, कारण चौकटीचा आकार बदलला नाही. बदलली ती फक्त चौकटींची संख्या. अशा चार-पाच पट्ट्या त्यानं स्वतःच्या हातानं रंगवल्या की छेदांची बेरीज करायला हात धजत नाही.

आता वजाबाकी. त्याचं पान नीट पाहिलं, त्यात लसावि बरोबर आहे :

५ १/४ = ५ ३/१२ आणि २ २/३ = २ ८/१२

३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ५ पैकी एक पूर्ण फोडला. इथवर बरोबर. पुढच्या ओळीत त्यानं ४ १३/१२ लिहिलं. म्हणजे फोडलेल्या एकाचे त्यानं १० धरले, रोजच्या वजाबाकीत दशक फोडल्यावर धरतो तसे. पण इथं एक पूर्ण म्हणजे १२ बारांश. ३ आणि १२ मिळून १५ :

४ १५/१२ − २ ८/१२ = २ ७/१२

फोडलेला एक ‘कितीचा’ आहे, हे दर वेळी पाहायला हवं. तुम्ही किनाऱ्यावर राहता, तर याचा सराव भरती-ओहोटीच्या वेळांवर घेता येईल. समजा ओहोटी सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी आणि पुढची भरती संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे १८ वाजून ५ मिनिटांनी. मधे किती वेळ? ५ मधून ५० जात नाहीत, एक तास फोडला, त्याची ६० मिनिटं : १७ तास ६५ मिनिटे − ११ तास ५० मिनिटे = ६ तास १५ मिनिटे. मुलं एका तासाचे १०० धरतात आणि ६ तास ५५ मिनिटे लिहितात. भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटी ते भरती त्याच्या निम्मं, सव्वासहा तासांच्या आसपासच येणार. उत्तर तपासायला समुद्रच आहे समोर.

प्रश्न : हौदाची लांबी २.५ मीटर, रुंदी १.८ मीटर, उंची १२० सेंटीमीटर. किती लिटर पाणी मावेल? मुलीनं २.५ × १.८ × १२० = ५४० लिटर लिहिलं.
— पालक, हर्णै

उत्तर : एकक एक केल्याशिवाय गुणाकार करायचाच नाही. १२० सेंटीमीटर म्हणजे १.२ मीटर. २.५ × १.८ × १.२ = ५.४ घनमीटर, आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणून ५,४०० लिटर. ५४० हा आकडा लिटरही नाही आणि घनमीटरही नाही.

क्षेत्रफळात हीच चूक जरा लपून बसते. ४.५ मीटर × ३.६ मीटर खोलीला ३० सेंटीमीटर बाजूच्या चौरस लाद्या किती लागतील? खोलीचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. एका मीटरचे १०० सेंटीमीटर, म्हणून मुलं १,६२० चौरस सेंटीमीटर करतात, ९०० नं भागतात आणि १.८ लाद्या उत्तर लिहून मोकळी होतात. १ चौरस मीटर म्हणजे १०० × १०० = १०,००० चौरस सेंटीमीटर. त्यापेक्षा सोपं : लांबीत ४५० ÷ ३० = १५ लाद्या, रुंदीत ३६० ÷ ३० = १२, एकूण १८०.

प्रश्न : नातवाला मी त्रैराशिकानं शिकवतो. शाळेत ती रीत नाही म्हणून तो ऐकत नाही. उदाहरण : ८ गवंडी एक चिऱ्याचा गडगा १५ दिवसांत बांधतात. काम सुरू झाल्यावर ३ दिवसांनी २ गवंडी निघून गेले. संपूर्ण काम किती दिवसांत होईल? नातवाचं उत्तर २०, माझं १९. त्रैराशिक चूक आहे का?
— आजोबा, राजापूर

उत्तर : आजोबा, तुमचं उत्तर बरोबर आहे आणि रीतही. त्रैराशिकात धोका एकच : मांडणीच्या वेळी प्रमाण सम आहे की व्यस्त, ते ठरवायला मूल विसरतं आणि तिरका गुणाकार करून टाकतं. ८ माणसांना १५ दिवस, तर ६ माणसांना ६ × १५ ÷ ८ = ११.२५ दिवस! माणसं कमी झाली आणि कामही लवकर उरकलं, हे कसं घडेल? म्हणून आकडेमोडीआधी समासात एक बाण : माणसं घटली की दिवस वाढणार. बाण लिहिल्याशिवाय पुढची ओळ नाही.

नातवाला वर्गात हेच ‘माणूस-दिवस’ मोजून शिकवत असतील. ती रीत इथं जास्त सोयीची आहे, कारण मधेच माणसं बदलली आहेत.

एकूण काम = ८ × १५ = १२० माणूस-दिवस
३ दिवसांत झालेलं = ८ × ३ = २४
उरलेलं = १२० − २४ = ९६
६ गवंड्यांना = ९६ ÷ ६ = १६ दिवस
एकूण = ३ + १६ = १९ दिवस

नातवानं १२० ला थेट ६ नं भागलं, म्हणजे दोघं पहिल्या दिवसापासूनच नव्हते असं धरलं. त्यातून २० आलं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे १६ वरच थांबणं; ‘संपूर्ण काम’ विचारलंय की ‘उरलेलं काम’, ते प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत असतं. तुमची रीत त्याला सोडायला लावू नका आणि शाळेचीही नको. एकाच उदाहरणाला दोघांनी आपापल्या रीतीनं भिडा. उत्तर जुळलं तर तोच ताळा.

प्रश्न : मी आठवीत आहे. समीकरणात ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ एवढा नियम मला येतो, तरी निम्मी उदाहरणं चुकतात. माझी दोन पानं जोडली आहेत.
— विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : पानं जोडलीस हे फार चांगलं केलंस. पहिलं उदाहरण : ३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७. तुझी पुढची ओळ आहे ३क्ष − १२ − २क्ष − १० = ७, आणि शेवटी क्ष = २९. चूक अगदी पहिल्याच पायरीत आहे. कंसाबाहेर −२ आहे. त्यानं कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं : −२ गुणिले क्ष म्हणजे −२क्ष, आणि −२ गुणिले −५ म्हणजे +१०.

३क्ष − १२ − २क्ष + १० = ७
क्ष − २ = ७
क्ष = ९

ताळा मूळ समीकरणातच घालायचा, मधल्या ओळीत नाही. मधली ओळ चुकली असेल तर ताळाही तीच चूक झाकतो. क्ष = ९ : ३ × ५ − २ × ४ = १५ − ८ = ७. जुळलं. तुझं २९ घातलं तर ३ × २५ − २ × २४ = २७. अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

दुसरं उदाहरण : (क्ष + १)/२ − (क्ष − ३)/३ = ४. इथं तुझ्याकडून दोन वेळा दोन वेगळ्या चुका झाल्या आहेत. छेद घालवायला सगळ्याला ६ नं गुणायचं हे तुला माहीत आहे. पहिल्या प्रयत्नात उजवीकडचे ४ तसेच राहिले, त्यामुळे क्ष = −५ आलं. ‘सगळ्याला’ यात बरोबरच्या चिन्हापलीकडचा, छेद नसलेला एकटा ४ सुद्धा येतो. दुसऱ्या प्रयत्नात ३क्ष + ३ − २क्ष − ६ = २४ लिहिलंस आणि क्ष = २७ आलं. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचं काम करते. छेद गेला की रेघ जाते, आणि रेघेबरोबर कंसही हरवतो. म्हणून छेद घालवण्याच्या ओळीत कंस आठवणीनं घालायचा :

३(क्ष + १) − २(क्ष − ३) = २४
३क्ष + ३ − २क्ष + ६ = २४
क्ष + ९ = २४
क्ष = १५

ताळा : १६/२ − १२/३ = ८ − ४ = ४.

आता तुझा नियम. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे ऐकायला सोपं आहे, पण त्यात खरं कारण दिसत नाही. क्ष + ९ = २४ मध्ये ९ कुठं जात नाही; आपण दोन्ही बाजूंतून ९ वजा करतो, म्हणून डावीकडे तो उरत नाही आणि उजवीकडे −९ दिसतो. हे लक्षात नसलं की ३क्ष = −१२ इथं फसगत होते. मुलं ३ ‘पलीकडे’ नेतात, चिन्ह बदलतात आणि क्ष = −१२ − ३ = −१५ लिहितात. इथं ३ मिळवलेला नाही, गुणलेला आहे; त्यामुळे दोन्ही बाजूंना ३ नं भागायचं, क्ष = −४. पुढचा महिनाभर प्रत्येक ओळीच्या उजवीकडे समासात एवढंच लिही : ‘दोन्हीकडून −९’, ‘दोन्हीकडे ÷३’. वेळ थोडा जास्त लागेल. पण चूक झाली तर ती शोधायला पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागणार नाही.

प्रश्न : दहावी, बीजगणित. होडीचा संथ पाण्यातला वेग ताशी १० किमी. ती प्रवाहाच्या दिशेनं २४ किमी जाऊन परत येते, एकूण ५ तास लागतात. प्रवाहाचा वेग काढा. एका दिशेला प्रवाहाची मदत आणि दुसऱ्या दिशेला अडथळा, मग ते फिटत का नाही? तसं धरलं तर ४८ ÷ १० = ४.८ तासच लागायला हवेत.
— विद्यार्थी, मालवण

उत्तर : तुझी शंका उदाहरणापेक्षा मोलाची आहे. वेगात मदत आणि अडथळा सारखे असतात, वेळात नसतात. प्रवाहाविरुद्ध होडी हळू जाते, म्हणून त्या अडथळ्यात ती जास्त वेळ असते. मदत कमी वेळ मिळते, अडथळा जास्त वेळ सोसावा लागतो. त्यामुळे प्रवाह असला की जाऊन येऊन वेळ वाढतोच.

मांडणी : समजा प्रवाहाचा वेग ताशी य किमी, य < १०. (य दहाइतका किंवा जास्त असता तर होडी परतच आली नसती. ही अट पहिल्याच ओळीत लिही.) प्रवाहाच्या दिशेनं वेग १० + य, विरुद्ध १० − य.

२४/(१० + य) + २४/(१० − य) = ५
२४(१० − य) + २४(१० + य) = ५(१०० − य²)
४८० = ५०० − ५य²
५य² = २०, य² = ४, य = ±२

वेग ऋण नसतो, म्हणून य = २; −२ का सोडलं, ते एका वाक्यात लिहायचं. ताळा : २४ ÷ १२ = २ तास, २४ ÷ ८ = ३ तास, एकूण ५. दुसऱ्या ओळीत −२४य आणि +२४य उडतात. ते न उडता तुझ्या समीकरणात य चं पद शिल्लक राहिलं, तर तिथंच थांब. तिरक्या गुणाकारात चिन्ह चुकलेलं आहे.

शाब्दिक उदाहरणात ‘समजा’ची ओळ, समीकरण, उकल आणि एककासहित उत्तर असे टप्पे असतात आणि गुण टप्प्यांना मिळतात. ‘य = २’ वर थांबू नको; ‘प्रवाहाचा वेग ताशी २ किमी’ असं लिही. एक लक्षात ठेव : खाडीत प्रवाहाची दिशा भरती-ओहोटीबरोबर उलटते आणि त्याचा जोरही कमी-जास्त होतो. उदाहरणात तो पाचही तास एकसारखा धरलेला असतो.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं. मुलानं ते वापरावं का? आम्हा दोघांचं गणित सुटून वर्षं झाली.
— पालक, कणकवली

उत्तर : वापरू द्या, पण स्वतःचं पान पूर्ण झाल्यावर. मग मोबाइलवरच्या ओळी आणि त्याच्या ओळी शेजारी ठेवून, जिथं पहिल्यांदा फरक पडतो त्या ओळीला खूण करायला सांगा. पुढचं सगळं सोडून द्या. ती ओळ का चुकली ते त्यानं एका वाक्यात लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर तेच उदाहरण, मग आकडे बदललेलं आणखी एक. रीत नुसती वाचली की ती आल्यासारखी वाटते. कोरं पान समोर आलं की खरं कळतं.

यासाठी तुम्हाला गणित यायला हवं असं नाही. शेजारी बसून विचारा : दिलंय काय, विचारलंय काय, आणि ही ओळ वरच्या कुठल्या ओळीतून आली? तिसऱ्या प्रश्नाला तो जिथं अडखळतो, बहुतेकदा तिथंच चूक असते.

प्रश्न : चौथीतली मुलगी. ३,६१८ नारळ ६ टेम्पोंत सारखे भरायचे, तर प्रत्येकात किती? ती ६३ म्हणते.
— आई, गुहागर

उत्तर : मधला शून्य गळला आहे. ३६ शेकड्यांना ६ नं भाग, ६ शेकडे. मग १ दशक खाली घेतला. त्याला ६ चा भाग जात नाही. मुली इथं पुढचा ८ खाली घेऊन १८ करतात आणि ३ लिहितात, पण भाग गेला नाही म्हणजे दशकाच्या घरात ० लिहायचा असतो. नियम असा : वरून एक अंक खाली घेतला की भागाकारात एक अंक लिहिलाच पाहिजे, मग तो शून्य का असेना. भागाकाराच्या वर शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखून द्या. रिकामं घर लगेच दिसतं. आधी अंदाज घ्यायला लावा : ३,६०० नारळ असते तर प्रत्येकी ६००, मग ६३ कसे? ताळा : ६०३ × ६ = ३,६१८. सरावाला ४,०२० ÷ ४ आणि ७,०६३ ÷ ७ ही दोन द्या. उत्तरं १,००५ आणि १,००९.